काकूंचा उजवा खांदा

परभणीत खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी भाडं सांगायच्या आधी मला दोन्ही हात वर करायला लावले. मी केले. मग एक हात खांद्यावरून पाठीत टाक, दुसरा खालून वर ने आणि बोटं जुळतात का बघ, असा हुकूम झाला. एका बाजूनं जुळली. दुसऱ्या बाजूनं मधे एक अख्खी भाकरी मावली असती. बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी खोटी मार्कशीट घेऊन आले होते.

"वय काय तुझं?"

"सत्तावीस."

"अन् खांदा साठीचा. काय करतीस?"

"कॉलेजात शिकवते. तासिका तत्त्वावर."

"म्हंजी बसून."

"उभी राहून शिकवते."

"उभं राहिल्यानं पाय चालतेत. खांद्याचं काय?"

मी भीत भीत खोलीचं विचारलं.

"देते. पन खांदा सुटा करून घ्यावा लागंल."

पाणी जपून वापरायचं, पाहुणे आणायचे नाहीत, दहाच्या आत घरी यायचं, असल्या अटी मी परभणीत चार घरी ऐकल्या होत्या. ही अट मात्र त्या एकाच घरात होती, म्हणून मी तिथंच राहिले.

सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची आणि त्यांची पाठ वळली की हातवर काकू. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटकुळी, चालताना हात असे झोकात हलायचे की बोळातून येणारा दुचाकीवाला आपणहून कडेला व्हायचा. त्यांच्या यजमानांचं ताडकळसला कापडाचं दुकान होतं. यजमान लवकर गेले. मुलाच्या शाळेसाठी काकूंनी परभणीत घर घेतलं आणि स्वतः रोज एसटीनं ताडकळसला जाऊन दुकान चालवलं. बसायला जागा मिळाली तरी त्या वरच्या दांड्याला धरून उभ्याच राहायच्या, म्हणे. यातलं खरं किती आणि मीठमसाला किती, ते त्यांनाच ठाऊक.

"गिऱ्हाइकाला हमेशा वरचाच तागा लागतोय," त्या सांगायच्या. "खाली रेशीम ठिवा अन् वर मांजरपाट, बोट वरच जातंय. म्या जलमभर वरचे तागे उतरवले अन् पुन्हा वर ठिवले. म्हनून माझे खांदे हाडाचे हायेत. तुमचे बिस्कुटाचे."

पुढं मुलगा शिकला, पुण्याला नोकरीला लागला, दुकान विकून टाकलं. खालच्या खोल्यांत काकू एकट्या आणि वरच्या खोलीत मी. भाडं काही फार नव्हतं. "पैशासाठी न्हाई ठिवत म्या मानूस," एकदा त्या म्हणाल्या, "वरून पावलं वाजली की बरं वाटतंय." तेव्हापासून मी खोलीत मुद्दाम जरा जोरात चालायचे. मलाही त्या गावात विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

सकाळचा चहा मी खाली त्यांच्याकडं घ्यायचे. पण त्या स्वयंपाकघरात चहा करणं म्हणजे गड चढणं. साखर वरच्या फळीवर, चहापत्ती तिच्याही वर, मीठ तर थेट छताच्या बुडाशी. देवघरातली काडेपेटीसुद्धा हात पूर्ण ताणल्याशिवाय मिळायची नाही. कॅलेंडर एवढं उंच की तारीख बघायला टाचा वर कराव्या लागत. अंगणातल्या कपडे वाळवायच्या तारेवर ओढणी टाकताना मला उडी मारावी लागायची आणि काकू ओट्यावर बसून हसायच्या. घरात स्टूल नव्हतं. एकदा मी बाजारातून प्लास्टिकचं आणलं, तर दुसऱ्या दिवशी ते भाजीवालीच्या डोक्यावर चाललेलं मला दिसलं.

"बाई म्हातारी व्हायली की घर खाली येतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "आधी मिठाची बरणी खाली येती. मग पिठाचा डबा. मग गादी. अन् मग आपुन."

सकाळी ओट्यावर त्यांचा कार्यक्रम चालायचा. पाठीमागं पंचा तिरका धरून एकदा वरच्या हातानं, एकदा खालच्या हातानं ओढायचा, आंघोळीनंतर पाठ पुसावी तसा. मग कमरेत वाकून, हातात पाण्यानं भरलेला तांब्या लोंबता धरून, हळूहळू गोल फिरवायचा. थेंब सांडला नाही पाहिजे. समोरच्या घरात नवीन राहायला आलेल्या बाईनं हे बरेच दिवस पाहिलं आणि शेवटी हात जोडून विचारलं, "कोणत्या देवाचं व्रत म्हनायचं हे?"

"खांदोबाचं," काकू म्हणाल्या. ती बिचारी उद्यापनाला काय लागतं ते विचारत बसली.

गॅस सिलिंडरवाल्याला त्यांनी हात फिरवायला लावले, सत्यनारायणाच्या गुरुजींना लावले, बँकेतल्या कॅशियरला काचेपलीकडून लावले. झटका द्यायचा नाही, दुखेल तिथं थांबायचं, पण रोज हलवायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. आज माझी चाळिशी जवळ आली आहे आणि माझी बोटं पाठीमागं दोन्ही बाजूंनी जुळतात. बरोबरीच्या बायका खांदे चोळत बसतात तेव्हा मी जरा तोऱ्यात असते.

पण हे सगळं निव्वळ खूळ नव्हतं. एका दुपारी मी थट्टेनं विचारलं, "काकू, एवढं करून जायचंय कुठं तुम्हाला? कुस्तीला?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नवराबायको असले तर येकमेकाची पाठ खाजवतेत. लेकरं असली तर लेकरं. येकट्या मानसाला सोताचाच हात सगळीकडं पुरवावा लागतोय. ज्या दिशी तो पुरायचा न्हाई, त्या दिशी हे घर संपलं."

घर संपलं, याचा अर्थ अगदी सरळ होता. मी राहायला जायच्या आधी काकू न्हाणीत घसरल्या होत्या. मोडलं काही नाही, पण मुलगा धावत आला आणि पुण्याला चल म्हणून हटून बसला. काकूंना पुणं नको होतं. तिथं त्या एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. "सगळं हाताशी आनून देतेत," त्यांची तक्रार होती. "पानी बी हाताशी. बाल्कनीत हुबं ऱ्हायलं तर खाली मानसं मुंगीयेवढी. आवाज कुनाला द्यावा?" शेवटी मायलेकात सौदा ठरला. त्यांच्या घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, भाद्रपदात परभणीच्याच घरी बसायच्या. उंबऱ्यातून त्यांना आत आणणं आणि पूजा सुनेकडं. पण कोठ्यांवर, म्हणजे त्यांच्या धडांवर, मुखवटे चढवणं आणि वर फुलोरा बांधणं, म्हणजे करंज्या, पापड्या, साटोऱ्या दोऱ्यांनी लाकडी चौकटीला टांगणं, हे घरातल्या थोरल्या बाईच्या हातचं. ज्या वर्षी काकूंच्या हातानं हे होणार नाही, त्या वर्षी महालक्ष्म्याही पुण्याला आणि काकूही. घर विकायचं. सौदा करताना काकू बिनधास्त होत्या. खांद्यावर भरवसा होता.

त्या पावसाळ्यात एका सकाळी मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिठाची बरणी दिसली.

"काकू, मीठ उतरलं का खाली?" मी हसून म्हटलं.

"फळी पुसायची हाय," त्या फटकन बोलल्या. फळी आठ दिवस पुसून झाली नाही. मग साखरही खाली आली. ओट्यावरचा पंचाचा कार्यक्रम बंद झाला, पाऊस लागतो म्हणून. रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा काकू मोबाइल डाव्या हातात धरून खूप हसून बोलायच्या. बोलणं संपलं की हसू लगेच मिटायचं. मला वाटलं, म्हातारपणाचा लहरीपणा असेल.

उलगडा झाला तो झरीला. तिथं काकूंचं माहेरचं थोडं वावर होतं, ते एक जोडपं बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं करायचं. त्या जोडप्याकडं अजून बैलजोडी होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळायला काकू दर वर्षी तिकडं जायच्या, त्या वर्षी मला सोबत घेतलं. गोठ्यात बैल धुऊन उभे होते. बटईदारानं गरम पाण्यानं त्यांचे खांदे शेकले. काकूंनी वाटीतलं लोणी-हळद घेतलं आणि जिथं वर्षभर जू घासतं तिथं चोळायला लागल्या. चोळताना बैलाच्या कानाशी म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उंद्या जेवाया या."

बैल उंच होता. काकू डाव्या हातानंच चोळत होत्या. दुसऱ्या अंगाला जाऊनही डावाच हात, वाकडं होऊन. उजवा पदराखाली पोटाशी धरलेला. मी बघत होते, पण बोलली ती बटईदाराची बायको.

"काकू, उजवा हात कामून लपवायलाव?"

"कुठं काय."

"वर करा बरं."

काकूंनी करायचा प्रयत्न केला. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. पुढं त्यांनी खांद्यासकट अख्खं अंग उचललं, पण हात काही वर जाईना. तोंड पांढरं पडलं. लोकांचे हात वर करवणारी ती बाई त्या गोठ्यात खाली मान घालून उभी राहिली. मला फार वाईट वाटलं.

बटईदाराच्या बायकोनं नवऱ्याला डोळ्यानं बाहेर काढलं, काकूंना उलट्या घमेल्यावर बसवलं, त्यांचा पदर बाजूला केला आणि वाटीत उरलेलं लोणी-हळद त्यांच्या खांद्याला लावून हलक्या हातानं मळायला लागली. काकू कुणाला अंगाला हात लावू देत नसत. साधी पाठीवरची धूळ झटकली तरी दचकायच्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्या डोळे मिटून बसून राहिल्या.

मग म्हणाल्या, "बैलाला आवतन तरी देतेत. तू तर तशीच मळायलीस."

"मग उंद्या जेवाया या," ती म्हणाली. "पुरनाचं हाय."

काकूंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. ते त्यांनी डाव्या हातानं पुसलं, मग त्यांचा गाल हळदीनं माखला आणि आम्ही तिघीही हसलो.

परतीच्या वाटेवर रिक्षात त्यांनी मला बजावलं, "पोराला कळू द्यायचं न्हाई. महालक्ष्म्या तोंडावर आल्यात." मी एका अटीवर कबूल झाले, दवाखान्यात चला. डॉक्टरांनी हात हळूच फिरवून पाहिला, रक्त तपासलं. साखर वाढलेली होती. खांदा आखडला होता. तो सुटतो, पण सावकाश, ओढाताण करायची नाही, शेक द्यायचा, झेपेल तेवढा रोज हलवायचा.

"म्या रोज हात वर केला," काकू त्यांना म्हणाल्या. लहान मुलानं शिक्षेबद्दल विचारावं तसा आवाज होता. "तरी बी धरला?"

"म्हणून तर आजवर टिकला, आजी. आणि तुमचा लवकर सुटेल."

बाहेर आल्यावर त्यांनी निकाल दिला, "शुगरीनं दगा दिला. खांद्याचा कसूर न्हाई." डॉक्टरांचं पुढं खरं ठरलं. वर्षभरात खांदा सुटला, मीठ पुन्हा वर गेलं आणि काकू शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या. पण त्या आठवड्यात आमच्यापुढं महालक्ष्म्या होत्या.

मधल्या खोलीच्या भिंतीवर मुलाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. दर वर्षी शाळा सुरू झाली की काकू त्याला भिंतीशी उभं करून रेघ ओढायच्या. पहिली, दुसरी, अशी दहावीपर्यंत शिडी होती. आता काकू त्या भिंतीपुढं उभ्या राहून उजव्या हाताची बोटं एकेक करत वर चढवायच्या. खांद्याला हळद-तेल लावलेलं असायचं, त्याचे पिवळे डाग भिंतीवर उठायचे. मी कॉलेजातून आले की विचारायचे, "आज कितवीत?"

"तिसरीत. चौथीच्या दारात दुखलं."

महालक्ष्म्या येईपर्यंत कशाबशा चौथी पास झाल्या. फुलोऱ्याला दहावीच्या वर जावं लागणार होतं.

मग आम्ही दोघींनी लबाडी केली. कोठ्या दर वर्षी चौरंगावर मांडतात, त्या खाली पाटावर मांडल्या, म्हणजे मुखवटे छातीच्या उंचीवर चढतील. फुलोऱ्याची चौकट खाली जमिनीवर ठेवून तिला करंज्या, पापड्या बांधायच्या आणि छताच्या कडीतून दोर ओवून ती वर ओढायची, ही युक्ती काकूंची. दुकानात दिवाळीला दिव्यांची माळ त्या अशीच चढवायच्या.

मुलगा, सून, नात आले. काकूंनी सगळ्यांसमोर मुखवटे चढवले. सून जरा मागं सरून बघत म्हणाली, "आई, या वर्षी महालक्ष्म्या बुटक्या वाटतात का?"

"परवासानं शिनलीस तू," काकू म्हणाल्या. "जेवल्यावर बघ, उंच दिसतील."

फुलोऱ्याची युक्ती मुलाला एवढी आवडली की दोर त्यानंच ओढला आणि मोबाइलवर चित्रण करून मित्रांना पाठवलं. "आईचं डोकं बघा," तो सांगत होता. कमरेच्या उंचीची कामं काकूंना उजव्या हातानं जमायची, त्यामुळं वाढताना कुणाला शंका आली नाही. धोका एकदाच आला. नातीनं "आजी, चल ना" म्हणून त्यांचा उजवा हात धरून हिसकला. काकूंचा श्वास अडकला, कपाळाला घाम फुटला. सुनेनं वळून विचारलं, "काय झालं?"

"धूर गेला डोळ्यात."

"चष्मा लावत जा ना, आई," ती म्हणाली आणि ताटं मोजायला गेली.

दुसऱ्या दिवशी मुलानं नातीला मधल्या खोलीच्या भिंतीशी उभं केलं. "बघ, सातवीत मी एवढा होतो," म्हणून हाताचा पंजा भिंतीवर ठेवला. पंजाच्या खाली, पहिलीपासून चौथीपर्यंत पिवळी बोटंच बोटं उमटलेली होती. मी दारातून बघत होते. त्यानं ती पाहिली. "आई, भिंत खराब झालीय," तो म्हणाला, "रंग देऊन घे."

तिसऱ्या दिवशी सगळं आवरून ते निघाले. फाटकाशी गाडी सुरू होती. मुलगा पाया पडला आणि उठताना मोकळेपणानं हसला.

"आई, खरं सांगू? मी ठरवून आलो होतो. तू जरा जरी थकलेली दिसलीस की रजा वाढवायची, इथंच राहायचं आणि तुला घेऊनच जायचं. पण तू तर ठणठणीत आहेस. माझी काळजीच मिटली. दिवाळीला आता आम्ही तिकडंच थांबतो, पोरीचे क्लास आहेत. तू निवांत राहा."

"हौ," काकू म्हणाल्या. "कशाला येताव खामखा एवढ्या लांब. म्या बरी हाय."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मला आनंद आवरेना. "जिंकलो की, काकू!" मी म्हटलं. "घर राहिलं!"

"हौ. ऱ्हायलं." त्या फाटकाला धरून उभ्या होत्या. तशाच म्हणाल्या, "रजा वाढीवली असती म्हनला न्हाई का?"

"हो, तसं म्हणाले."

"किती दिसाची गं?"

मला काय ठाऊक. तरी मी म्हटलं, "आठ दिवसांची तरी वाढवली असती."

"आठ दिस," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि गाडी गेली त्या वळणाकडं बघत राहिल्या. मी आत जाऊन चहा टाकला, दोनदा हाक मारली. चहा निवून गेला तरी त्या आत आल्या नाहीत.